पेटीच्या तीन पट्ट्या

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या वाटेवर जांबोटी हे गाव लागते. खानापूर तालुक्यातला हा रानाचा आणि पावसाचा मुलूख. जांबोटीच्या पुढे कणकुंबी. तेथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून कृष्णेला जाऊन मिळते. ह्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारावर पडलेले पाणी म्हादईत उतरते आणि मांडवी ह्या नावाने पणजीजवळ समुद्र गाठते. पाण्याची जशी ह्या डोंगरावर वाटणी झालेली आहे, तशीच स्वरांच्या एका मोठ्या वाटणीची रेषाही ह्याच भागातून गेलेली आहे. घाटावर ख्याल, कीर्तन, नाट्यपद आणि भजन. घाटाखाली, निदान चर्चच्या आवारात तरी, तीन-तीन चार-चार स्वर एकाच क्षणी उच्चारून उभे राहणारे युरोपीय वळणाचे गाणे. १९६१ सालापर्यंत ही वाट जेथे खाली उतरते तेथे पोर्तुगीज अमलाची हद्द होती. परंतु स्वरांना कोणत्याही नाक्यावर अडवता येत नाही, आणि ते अडलेही नाहीत.

ह्या भागातल्या कोणत्याही गावात एकादशीच्या भजनाला पेटी ही असायचीच. पेटीवाला भाता हलवतो आणि अभंगाला सुरुवात होण्यापूर्वी षड्जाची पट्टी दाबून धरतो. तिच्या जोडीला पंचमाची, आणि पुष्कळदा मधल्या गांधाराचीही. सा, ग आणि प अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या की देवळाचा मंडप भरून गेल्यासारखा वाटतो. पेटीवाल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, ऐकणाऱ्यांनाही नाही. परंतु त्याच्या तीन बोटांखाली त्या क्षणी जे असते, त्याची रचना कशी होते, त्याला नाव कसे मिळाले आणि आपल्या रागसंगीताशी त्याचे भांडण नेमके कोठे जुंपले, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

एकाहून अधिक स्वर, साधारणपणे तीन किंवा चार, एकाच वेळी वाजले म्हणजे त्या समूहाला वाद्यवृंदातले वादक ‘कॉर्ड’ म्हणतात. मराठीत त्याला स्वरसंघात म्हणता येईल. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या रीतीतून राग उभा राहतो. संघातात ते एकावर एक रचलेले असतात. चाल ही आडवी चालते, संघात हा उभा असतो. ही उभी रचना करण्याचा मूळ नियम अगदी साधा आहे. सप्तकातला एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्याच्या पुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडावा आणि तिसरा घ्यावा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला. झाला संघात.

पेटीवर हे मोजून पाहता येते. पांढरी एक हा षड्ज धरला तर पांढरी तीन हा शुद्ध गांधार आणि पांढरी पाच हा पंचम. काळ्यापांढऱ्या सर्व पट्ट्या मोजल्या तर षड्जापासून गांधार चार पट्ट्यांवर पडतो आणि गांधारापासून पंचम तीन पट्ट्यांवर. खाली मोठे अंतर आणि वर लहान, अशी ही बैठक असली म्हणजे तो मेजर संघात. आता बाकी दोन बोटे तशीच ठेवून मधले बोट एक पट्टी मागे, काळी दोनवर, म्हणजे कोमल गांधारावर आणावे. अंतरे उलटी होतात, खाली तीन आणि वर चार. हा मायनर. एका बोटाच्या एका पट्टीच्या सरकण्याने मंडपातला सगळा उजेड बदलतो, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला ह्या दोन नावांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दोन्ही अंतरे तीन-तीन ठेवली, म्हणजे वरचा स्वर काळी तीनवर आणला, तर डिमिनिश्ड. दोन्ही चार-चार ठेवली, म्हणजे तो काळी चारवर नेला, तर ऑग्मेंटेड. तीन स्वरांच्या संघाताचे मुख्य प्रकार एवढेच.

बिलावल थाटाच्या सात शुद्ध स्वरांवर हीच रचना क्रमाने करीत गेले तर एक मोठी रंजक गोष्ट दिसते. षड्ज, मध्यम आणि पंचम ह्यांच्यावर उभे राहणारे संघात मेजर निघतात. ऋषभ, गांधार आणि धैवत ह्यांच्यावरचे मायनर. आणि निषादावरचा एकटाच डिमिनिश्ड. सात स्वरांतले तीन प्रमुख, तीन मवाळ आणि एक अस्थिर. युरोपातल्या संगीताचा गेल्या तीन शतकांतला फार मोठा भाग ह्या सात जणांच्या आपसांतल्या व्यवहारावर चाललेला आहे. त्यातही पंचमावरच्या संघाताला आणखी एक स्वर चढवला, म्हणजे प, नि, रे ह्यांच्यावर म बसवला, की तो स्वस्थ राहत नाही. त्यातला निषाद षड्जाकडे चढू पाहतो, मध्यम गांधाराकडे उतरू पाहतो, आणि दोघे आपापल्या ठिकाणी पोचले की सा-ग-प येऊन कान निवतो. आपल्याकडे समेवर येण्याचे जे समाधान लयीतून मिळते, त्याच जातीचे समाधान तिकडे ह्या घरी परतण्यातून मिळते, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु ही बांधणी ओळखायला आणि तिला नाव द्यायला युरोपलाही बराच काळ लागला. चर्चमधले गायक शतकानुशतके अनेक आवाजांत गात होते. पण प्रत्येक आवाज ही एक स्वतंत्र चाल आहे आणि त्या चाली जेथे भेटतात तेथे त्यांचे पटले पाहिजे, एवढाच त्यांचा विचार होता. १५५८ साली इटलीतल्या झार्लिनो ह्या पंडिताने आपल्या ग्रंथात गांधाराला १ ते ६ ह्या आकड्यांच्या गुणोत्तरांत मानाचे स्थान दिले. १६१२ साली योहानेस लिप्पिउस ह्या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने तीन स्वरांच्या समूहाला ‘त्रियास हार्मोनिका’, म्हणजे सुसंवादी त्रयी, असे नाव दिले आणि ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याशी तिचे नाते जोडले. तथापि व्यवहारात वादक संघाताचे नाव घेत नसत. सर्वांत खालच्या स्वरावर आकडे लिहून ‘ह्याच्या वर सहावा आणि तिसरा वाजव’ अशी सूचना देत असत. त्यामुळे सा-ग-प निराळा आणि गांधार तळाशी घेऊन वाजवलेला ग-प-सा निराळा, असेच मानले जाई.

हे बदलले ते १७२२ साली. फ्रान्समधल्या रामो ह्या रचनाकाराने आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले की स्वर खालीवर कसेही रचले तरी सा, ग आणि प ह्यांचा मूळ धनी एकच, तो म्हणजे सा. ग-प-सा असो की प-सा-ग, घर षड्जाचेच. माणसे फक्त वेगळ्या ओट्यावर बसली आहेत. म्हणून संघाताचे नाव तळाच्या स्वरावरून न पडता मूळ स्वरावरून पडावे. आजही ‘सी मेजर’ किंवा ‘ए मायनर’ म्हणताना पहिले अक्षर हा मूळ स्वर असतो आणि दुसरा शब्द ही बांधणीची जात असते. पुढे १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात गॉटफ्रीड वेबर ह्या जर्मन लेखकाने रोमन आकड्यांची पद्धत रूढ केली. तिच्यात मूळ स्वर सप्तकात कितवा आहे एवढेच सांगितले जाते: पहिल्यावरचा संघात, चौथ्यावरचा, पाचव्यावरचा. ही दुसरी पद्धत आपल्या सारेगमच्या फार जवळची आहे. आपला ‘सा’ ही ठरावीक उंची नव्हे, ते एक स्थान आहे. गायक काळी एकमध्ये गाईल तर सा तेथे, गायिका काळी चारमध्ये गाईल तर तेथे.

गोव्यात मात्र शिकवले गेले ते ‘दो, रे, मी, फा, सोल, ला, सी’. ह्या नावांची परंपरा ११ व्या शतकातल्या ग्विदो द आरेझ्झो ह्या इटालियन संन्याशापर्यंत जाते. परंतु पोर्तुगीज पद्धतीत ‘दो’ ही स्थिर उंची आहे. ती पांढरी एकच राहणार, गाणे कोणत्याही स्वरात असो. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुले अक्षरओळखीबरोबर स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकत, आणि तान्ह्या वयातच त्यांच्या कानांवर अनेक आवाजांचे गाणे पडे. १९ व्या शतकात सासष्टी भागात बहरलेला मांडो हे त्याचे घरगुती रूप. लय संथ, शब्द कोंकणी, साथीला व्हायोलिन आणि घुमट, आणि गाणाऱ्यांचे आवाज दोन: एक मूळ चालीवर चालणारा आणि दुसरा बहुधा तिसऱ्या स्वराचे अंतर राखून त्याच्या सोबतीने जाणारा. सा गाताना सोबती ग वर, रे गाताना म वर. म्हणजे संघाताचा अर्धा भाग गळ्यांतच तयार झालेला असतो. राहिलेला साथीतून येतो. (ह्याच गोव्यातल्या देवळांच्या परिसरातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्यासारख्या ख्यालगायिका निघाल्या, हेही विसरून चालणार नाही. गोव्याचे कान दोन होते, आणि दोन्ही तयार होते.)

तर मग प्रश्न असा पडतो की आपल्या संगीताला हा संघात ठाऊकच नव्हता काय? ह्याचे उत्तर मिरजेच्या तंबोऱ्याकडे आहे. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमात, मधली जोडी षड्जात आणि चौथी खर्जाच्या षड्जात लावलेली असते. गांधारात एकही तार नसते. तरीही जवारी उत्तम लागली आणि खर्ज मोकळा झाला की त्याच्या नादातून गांधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. कोणीही न छेडता उमटणारा, म्हणून स्वयंभू. त्याचे कारण असे की तार कंप पावते तेव्हा ती अखंड तर हलतेच, पण तिचे दोन, तीन, चार, पाच असे भागही स्वतंत्रपणे हलत असतात. खर्ज सेकंदाला १२० कंपनांचा असेल तर त्याच्या दुपटीला, २४० ला, मध्य षड्ज मिळतो. तिपटीला ३६० चा पंचम. आणि पाचपटीला ६०० चा, म्हणजे तारसप्तकातला, गांधार. तात्पर्य, सा, ग आणि प हे तिघे एकाच तारेच्या पोटात बसलेले आहेत.

युरोपातही सोव्हर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८ व्या शतकाच्या आरंभी ह्या उपस्वरांचा अभ्यास मांडला आणि रामोने १७३७ सालच्या ग्रंथात आपल्या संघातशास्त्राचा पायाच त्यांच्यावर घातला. म्हणजे दोन्हीकडच्या कानांनी ऐकले ते एकच. तिकडे त्या तीन स्वरांना बाहेर काढून त्यांचे घर बांधले, आणि तसली घरे सातही स्वरांवर बांधून एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचे शास्त्र केले. इकडे त्यांना खर्जातच राहू दिले आणि त्यांच्या सावलीत एकट्या आवाजाला हवे तितके हिंडू दिले. आपल्याकडे संघाताला नाव पडले नाही ते अज्ञानामुळे नव्हे. तो तंबोऱ्याच्या रूपाने सदैव उभाच होता आणि जागचा हलतच नव्हता. जे हलत नाही, त्याला दुसऱ्यापासून ओळखण्यासाठी नाव लागत नाही.

अडचण निर्माण झाली ती पेटीने. हार्मोनियम फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात घडली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी मांडी घालून बसून वाजवण्याजोगे तिचे रूप प्रचारात आणले. मराठी मुलखात तिला थारा दिला तो संगीत नाटकाने. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि पुढच्या काही दशकांत पायपेटीवाला ऑर्गन आणि हातपेटी ह्यांनी नाटकमंडळ्यांतून सारंगीची जागा घेतली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे ह्यांनी तर पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु ह्या वाद्याचे स्वर मूळचेच ‘समान’ लावलेले होते: सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्यातला गांधार ३०० येतो आणि पेटीतला सुमारे ३०२.४. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळजवळ अडीच वेळा आवाज हेलकावतो. चांगल्या कानाला हे खड्यासारखे लागते.

आता कोणी विचारील, युरोपातल्या लोकांनी असा किंचित चढा गांधार पत्करला तरी का? त्याचे कारण संघातच. शुद्ध गुणोत्तरांनी पेटी लावली तर सा २४०, ग ३०० आणि प ३६० हा संघात आरशासारखा स्वच्छ मिळतो. पण त्याच पेटीवर ऋषभाचा संघात, रे-म-ध, वाजवून पाहावा. ऋषभ २७० चा. त्याच्या पंचमाच्या जागी ४०५ चा धैवत हवा. आणि पेटीत आहे तो ४०० चा, कारण मध्यमाच्या संघातात म-ध-सा शुद्ध वाजायला तो ४०० चाच लागतो. एक धैवत दोन घरांत नांदू शकत नाही. तेव्हा सगळ्या घरांत सारखेच राहता यावे म्हणून प्रत्येक स्वर थोडाथोडा बिघडवून घेतला. ४०० आणि ४०५ ह्यांमधले हे ८० ला ८१ चे अंतर आपल्या प्राचीन शास्त्रालाही परिचित आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम आणि मध्यमग्राम ह्यांच्या पंचमांत जो एका श्रुतीचा फरक सांगितला आहे, ती प्रमाणश्रुती हीच, असे आधुनिक अभ्यासक मानतात. जो पेच युरोपच्या वाद्यांना संघातामुळे पडला, तो भरताने दोन ग्राम वेगळे ठेवून मोकळा केला होता.

पेटीतला हा दोष काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न ह्याच दक्षिण महाराष्ट्रात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्यातले स्वर तारेच्या मापांवर ताडून पाहिले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या मुलकी सेवेतल्या इंग्रज न्यायाधीशाने त्यांना साथ दिली, आणि दोघांच्या सिद्धान्तावर आधारलेली श्रुती-हार्मोनियम विलायतेत तयार करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय निघाला तेव्हा मात्र जमलेल्या पंडितांचे आणि गवयांचे एकमत झाले नाही. एका गवयाचा कोमल गांधार दुसऱ्याला मान्य नव्हता. मग तो पितळेच्या जिभलीत कायमचा कसा घालावयाचा? देवलांचे परिश्रम मोलाचे खरे. पण गायकाचा स्वर हा एक बिंदू नसून त्या बिंदूकडे जाण्याची वाटही असते, आणि वाट पट्टीत मावत नाही, हे त्या वेळीच उघड व्हावयास हवे होते.

नभोवाणीने हा वाद निराळ्याच रीतीने निकालात काढला. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख असलेले जॉन फाउल्ड्स हे स्वतः वाद्यवृंदासाठी रचना करणारे, म्हणजे संघातशास्त्रात मुरलेले. भारतीय वाद्यांचा वृंद त्यांनी दिल्लीत उभा केला. पण भारतीय गायनामागे पेटी असू नये, असा कडक लेखही त्यांनीच लिहिला. ते १९३९ साली वारले. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनीही कलकत्ता केंद्राकडे पेटी बंद करण्याची मागणी केली, आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या केंद्रांवर हार्मोनियमच्या साथीला बंदी आली. १९५० साली धारवाड केंद्र सुरू झाले तेव्हाही ती चालूच होती. बेळगाव-खानापूरकडच्या श्रोत्यांना नभोवाणीवरचा ख्याल पेटीविना ऐकू येई, आणि गावच्या देवळात मात्र पेटीशिवाय पान हलत नसे. ही बंदी अंशतः उठली ती १९७१ साली. तीस वर्षे एका वाद्याला दाराबाहेर उभे करणे हा उपाय थोडा आडदांडच म्हटला पाहिजे. पण त्यामागची चिंता खोटी नव्हती.

दरम्यान घाटाखालचा संघात वर येऊन पोचला होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली आणि खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याला पुढच्या मार्गाशी जोडली गेली. लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे आणि मग मुंबई. गोव्यातले कितीतरी वादक ह्याच मार्गाने पोटासाठी बाहेर पडले. वाटेत बेळगावला पेटीवाल्यांची पेठ, मिरजेला तंबोरे घडवणाऱ्यांची. ह्यांच्या व्हायोलिनच्या आणि तुताऱ्यांच्या पेट्या मात्र थेट मुंबईला जात. हॉटेलांतल्या जाझ वृंदांतून ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरले. चिक चॉकलेट ह्या नावाने प्रसिद्ध असलेले आंतोनिओ झेवियर व्हाझ सी. रामचंद्रांच्या सोबतीला आले. सेबास्टियन डिसोझा ह्यांनी शंकर-जयकिशन ह्यांच्या रचनांची वाद्यमांडणी केली. फ्रँक फर्नांड आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हेही त्याच पिढीतले. संगीतदिग्दर्शक चाल सारेगममध्ये सांगणार, वादक ती ‘दो-रे-मी’च्या कागदावर उतरवणार. मधे ‘तुमचा सा कोणता?’ हा प्रश्न अटळच. आणि एकदा चाल कागदावर आली की तिच्या खाली संघात लिहिण्याचे काम सुरू होई.

येथेच खरी परीक्षा होती. भूप हा राग घ्यावा: सा, रे, ग, प, ध. त्याच्या स्वरांतून सा-ग-प हा मेजर संघात सहज मिळतो आणि ध-सा-ग हा मायनरही मिळतो. दोन्हींत रागाबाहेरचा एकही स्वर नाही. म्हणून भूपातल्या एखाद्या चालीखाली वाद्यवृंदाने ध-सा-ग बराच वेळ धरला तर वरवर काही बिघडत नाही. पण रामोचा नियम आठवावा: संघाताचा धनी त्याचा मूळ स्वर. कान धैवताला घर मानू लागतो, आणि धैवताला षड्ज मानून हेच पाच स्वर मोजले तर ते सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे होतात. म्हणजे गायक भूप गातो आहे आणि खाली धानीची सावली पडली आहे. आपल्याकडे मूर्च्छनेच्या प्रयोगात गवई हीच करामत जाणूनबुजून, क्षणभर करतो आणि परत षड्जावर येतो. मालकंसात तर पंचमच वर्ज्य. तेथे षड्जावर संघात उभाच राहू शकत नाही. तो उभा राहतो मध्यमावर, म, कोमल ध आणि सा असा. मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात उतरवून लावतात ती काय उगाच नव्हे.

ह्याचा अर्थ संघात रागाचा वैरी आहे असा नाही. राग एका षड्जाशी निष्ठा मागतो आणि संघातांची मालिका प्रत्येक पावलाला नवा षड्ज सुचवते. भांडण आहे ते एवढेच. चांगल्या वाद्यसंयोजकांनी ते ओळखले होते. म्हणूनच त्या काळातल्या पुष्कळ गाण्यांत आवाजाखाली संघातांचे भरघोस थर रचण्याऐवजी व्हायोलिनांच्या तांड्याला एक दुसरीच चाल दिलेली आढळते, जी गाण्याच्या मोकळ्या जागांतून वाहते आणि रागाच्या स्वरांना फारसा धक्का लावत नाही. अँथनी गोन्साल्विस ह्यांनी पुढे जाऊन १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. त्यांचे नाव मात्र लोकांच्या तोंडी झाले ते १९७७ सालच्या एका चित्रपटगीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरूला दिलेली ती सलामी होती.

घाटावर पेटीचे मानाचे दिवस पुन्हा आले ते बंदी उठण्याच्या आधीच, मैफलींतून. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ह्यांनी अनेक नामांकित गवयांना साथ केली आणि शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. अशा कसबी साथीदाराची खूण ही की गायक गांधारावर स्थिरावला असता पेटी त्या जागी आपला गांधार लांबवत नाही. स्वर स्पर्शून बोट बाजूला होते आणि तंबोऱ्याला वाव मिळतो. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक ह्यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम नव्या रीतीने सिद्ध केली असून, कोणत्या स्वराची कोणती श्रुती वाजावी हे वादक तीत आधी ठरवू शकतो. देवलांनी आणि क्लेमंट्सनी हाती घेतलेले काम शंभर वर्षांनी असे पुढे चालू आहे. त्यातही षड्ज मात्र आधी ठरवूनच ठेवावा लागतो.

भजनाच्या पेटीवर असली सोय नसते, आणि तिला तिची गरजही भासत नाही. तंबोरा तेथे नसतो, टाळांचा गजर असतो, आणि चढा गांधार त्या गजरात मिसळून जातो. तरीही जुन्या हाताचे पेटीवाले अभंगाच्या आरंभी तीन पट्ट्या दाबतात आणि आवाज लागू लागला की मधले बोट हलकेच उचलून घेतात. राहतात सा आणि प.